नणंदेच्या डिस्कवर एवढं काय?

भावजय नाटकांचे कपडे शिवायची. तिचा फोन पाण्यात पडला आणि मापांचे, बेतांचे सगळे फोटो गेले, तेव्हा हात चोळत बसण्यापेक्षा तिने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, त्यात नवी डिस्क बसवली आणि वाचत-चुकत, नवऱ्याची टिंगल कानाआड करत, घरातच स्वतःचं क्लाउड उभं केलं. फोनवर फोटो काढला की तो आपोआप तिथे जाऊन बसायचा.

पण घरालाच आग लागली तर? एक प्रत बाहेर हवीच. पलीकडच्या रस्त्यावर थोरली नणंद एकटी राहायची, चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. भावजयीने तिला गळ घातली, तिच्याकडेही तसाच कॉम्प्युटरचा डबा जोडून दिला. हिची प्रत तिच्याकडे, तिची हिच्याकडे. दोन्ही कुलूपबंद. पासवर्ड जिचा तिच्याजवळ. दुसरीला दिसायचा फक्त प्रतीचा आकार, किती जागा भरली तेवढा.

नणंदेचा आकार मात्र फुगतच चालला. एकट्या बाईकडे साठवायला एवढं असतं तरी काय? नवरा म्हणाला, ताईच्या भानगडीत मी लहानपणापासून पडत नाही. भावजयीच्या डोक्यातला भुंगा काही जाईना. शेवटी तिला निमित्त सापडलं, आणि ते खोटंही नव्हतं.

"ताई, परत काढून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असं धरता येत नाही. या एकदा, मिळून बघू."

नणंद जरा आढेवेढे घेतच आली. तिने पासवर्ड टाकला तेव्हा भावजयीने शहाण्यासारखं तोंड खिडकीकडे फिरवलं. मागून आवाज आला, सायकलची हवा सुटावी तसा. ती वळली. पडद्यावर नणंदच होती, ओठांचा चंबू करून.

"शिट्टी शिकतेय," नणंद म्हणाली. "लहानपणी वाजवली की धपाटा बसायचा. आता कोण मारणार? ओठ कुठे चुकतात ते दिसावं म्हणून व्हिडिओ काढते."

मग दोघींनी एकामागून एक व्हिडिओ पाहिले. आधी नुसती हवा, मग चिरका सूर, आणि अलीकडच्या एकात चक्क अख्खी चाल. भावजय विचारत राहिली, श्वास कुठे घेता, गाल का फुगवत नाही. नणंदेची कळी खुलली.

"आता तुझं बघू," ती म्हणाली. दोघी नणंदेच्या घरी गेल्या. भावजयीने आपलं कुलूप उघडलं. फोल्डर सगळे होते, आत एकही फोटो नव्हता. जरा शोधल्यावर उलगडा झाला: मोठी डिस्क घेतल्यावर तिने फोटो तिकडे हलवले होते, पण प्रत अजून जुन्याच, रिकाम्या जागेची निघत होती.

"तुमचा आकार रोज बघत होते," ती ओशाळून म्हणाली, "स्वतःचा एकदाही नाही."

फोटो घरी सुखरूप होते, तेवढं नशीब. तिने तिथूनच नेटवरून घरचा कॉम्प्युटर उघडून प्रत निघायची जागा बदलली. फोटो एकेक करत येऊ लागले. वेळ लागणार होता.

"जीभ खालच्या दातांना टेकवायची का हो?" तिने विचारलं.

"आधी ओठ ओले कर."

तिने फुंकलं. नुसती हवा. नणंदेने फोन उचलला आणि तिच्यासमोर धरला. "पुन्हा कर. ओठ नीट दिसू देत."