सात नंबरचं लाल मशीन

ओहायोतल्या त्या कारखान्यात दह्याच्या डब्यांची झाकणं तयार व्हायची. सात नंबरच्या मशीनवर व्हर्ना क्लिमेक तेवीस वर्षं उभी होती. दर तासाला ती चार मिनिटं मशीन थांबवून साच्यातली हवा बाहेर सोडणाऱ्या बारीक फटी पुसायची.

मग नवा मॅनेजर ट्रेंट आला. वय एकतीस, अनुभव बेताचा, आत्मविश्वास उतू जाणारा. त्याने प्रत्येक मशीनला सेन्सर लावले आणि भिंतीवर भलामोठा पडदा टांगला. मशीन चालू, हिरवं. बंद, लाल. आता दर तासाला सात नंबर लाल व्हायचा आणि अख्खा कारखाना व्हर्नाकडे वळून बघायचा, जणू तिने चर्चमध्ये मोठ्याने जांभई दिली होती.

"व्हर्ना, तुमच्यामुळे सात नंबर एक्क्याण्णव टक्के वेळच चालू असतो."

"फटी पुसल्या नाहीत तर झाकणांच्या कडा जळतात, साहेब."

"डेटा तसं म्हणत नाही."

"त्याला विचारलंत का?"

ट्रेंट गोड हसला आणि थांबायचं नाही असा हुकूम काढला. व्हर्नाने तो तंतोतंत पाळला. आकडा अठ्ठ्याण्णववर गेला. ट्रेंटने आनंदाने सगळ्यांना डोनट वाटले. व्हर्नाने दोन खाल्ले; डोनटशी तिचं काही वैर नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात डेअरीने दोन ट्रक झाकणं परत पाठवली. कडा अर्धवट, जळक्या. डब्यावर बसायलाच तयार नाहीत.

व्हर्ना केबिनमध्ये शिरली. "तुमचा पडदा फक्त चालू-बंदच बघतो का हो?"

"छे! दाब, तापमान, सगळं नोंदतो."

"मग सात नंबरचा दाब काढा बघू. फटी तुंबल्या की तो चढतो."

रेषा उमटली. हुकूम निघाला त्या दिवसापासून ती जिन्यासारखी वर चढत गेली होती. ट्रेंटचे कान लाल झाले. "हे... सगळं इथेच होतं."

"बिचारा डेटा रोज बोंबलत होता. तुम्ही रंग बघत बसलात."

व्हर्नाची चार मिनिटं तिला परत मिळाली. मुख्य कार्यालयाने 'डेटातून दोष शोधल्याबद्दल' मानचिन्ह दिलं, अर्थात ट्रेंटला. व्हर्नाला मनापासून हसू आलं. पण दाबाची रेषा पडद्यावर लावायचा तिचा हट्ट त्याने मुकाट्याने मानला.

सोमवारी ती पडद्याकडे बघत म्हणाली, "साहेब, पाच नंबरचा दाब चढतोय."

ट्रेंट एकदाचा खुर्चीतून उठला आणि मशीनपाशी गेला.