गिरणीवालीचा कान

देगलूरच्या दुकानात सायकलीला बसवायची स्वस्त इंजिनं आली होती. दुकानदार गुण सांगून राहिला, तेही फक्त माझ्या नवऱ्याला. मुखेडात वीस वर्षं पिठाची गिरणी मी चालवली, हे त्याला काय ठाऊक.

मी एकेका इंजिनाचा शाफ्ट धरून हलवला. सहाच्या सहा खुळखुळली. बेअरिंगच ढिली.

दाराशी इंजिन बसवलेली एक जुनी सायकल होती. ती चालू केली, कान लावला. जात्यासारखी संथ घरघर. मी त्या इंजिनावर बोट ठेवलं.

"हे द्या."

दुकानदार आता कुठं माझ्याकडं वळला. "ताई, ती माझी सायकल हाय. विकायची न्हाई."

"म्हंजे चांगलं कोणतं, ते तुम्हाला ठावं हाय. असलंच काढा."