पायावरची बोटं

तृप्तीच्या पायावर पाच बोटं उमटलेली दिसली आणि ओट्यावरच्या बायका मागं सरकल्या. सायखेड्याजवळच्या या वस्तीत मी उपकेंद्राची नर्स, बाळंतपणं करणारी. रक्तदाबाचं यंत्र घेऊन आले होते, पण माझ्याकडं बघतंय कोण!

"धरलंय तिनं!" रंगनाथ भगत गरजला. "बाळंतपणात गेलेली सृष्टी हाय ही. जोडीण शोधतीय. हात न लावता बोटं दाखवली का नाय?"

हात न लावता म्हणे! मंत्र म्हणताना तृप्तीचे पाय हिरव्या लुगड्याखाली होते आणि याचे दोन्ही हातही.

सृष्टी ही बयाबाईची सून. बयाबाई गावची जुनी दाई, निम्म्या गावाची नाळ तिनंच कापलेली. ती भिंतीला टेकून त्या बोटांकडं एकटक बघत होती.

"ताई, डोकं लय ठणकतंय," तृप्ती पुटपुटली. आठवा महिना होता तिला. "डोळ्यांपुढं काजवे चमकतेत."

"तीच चमकतीय!" भगत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. तृप्तीच्या दुसऱ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"हा माझा अंगठा. मी कधी मेले?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"सूज आहे ही. यावर कुणाचंही बोट उमटतं. यानं लुगड्याखाली दाबलं, झालं!" बोलता बोलता मी पट्टा बांधला. रक्तदाब एकशे सत्तर, खालचा एकशे दहा. "हिला कधीही झटके येतील. गाडी बोलवा!"

गाडी येईपर्यंत भगत लुगडं गुंडाळून पसार झाला. नाशिकला तृप्तीची सुटका झाली. बाळ काही दिवस काचेच्या पेटीत होतं, पण दोघंही जगली.

त्या दिवशी गाडी गेल्यावर बयाबाईनं माझा हात धरला होता.

"सृष्टीचे पाय मी रोज तेलानं चोळायची. चोळून उठले का बोटं दिसायची. भ्याले अन् या भगताकडंच नेली तिला. ताई, ती माझीच बोटं व्हती ना?"

मला खोटं बोलवेना. मी हो म्हणून मान हलवली.

आता बयाबाई माझ्याबरोबर घरोघरी हिंडते. गरोदर बाईच्या नडगीवर अंगठा दाबते, उचलते आणि खड्डा भरेपर्यंत श्वास रोखून बसते. नाही भरला तर भरउन्हात धावत मला बोलवायला येते. तुम्हीही बाईच्या अंगात कोण आलंय ते विचारण्याआधी तिचा रक्तदाब मोजून घ्या.