लढाई चालू आहे

सून पुढच्या खोलीत इंग्रजी वाक्प्रचारांची शिकवणी घ्यायची आणि पडद्यामागे सासऱ्यांचं शिलाई मशीन चालायचं. नोकरीच्या मुलाखतींसाठी येणाऱ्या मुलामुलींना तिचं एकच सांगणं असे: शब्द सोडा, अर्थ धरा. तिने 'किक द बकेट' शिकवलं त्या दिवशी मशीन थांबलं आणि आतून आवाज आला, "मास्तरीणबाई, मरायला बादली कशाला लागते? आम्ही नुसता गाशा गुंडाळतो." सगळा वर्ग हसत सुटला. शिंप्याची जीभ कात्रीपेक्षा धारदार आहे, असं गिऱ्हाइकं म्हणत ते काही उगीच नाही.

त्याच शिंप्याच्या पोटात गाठ निघाली आणि महिन्याभरात माणूस निम्मा झाला.

इस्पितळातले मोठे डॉक्टर इंग्रजीशिवाय बोलत नसत, तेव्हा दुभाष्याचं काम आपोआप सुनेच्या गळ्यात पडलं. तिचा नवरा मालवाहू जहाजावर होता. सासऱ्यांनी तिला आधीच बजावलं होतं, पोराला उगाच घाबरवू नकोस, हातातोंडाशी आलेली बढती जाईल. पण मी चाललो असं डॉक्टर म्हणाला, तर त्याच घटकेला बोलाव, त्याला डोळे भरून पाहिल्याशिवाय मला जायचं नाही. जहाज नेमकं बंदराला लागलेलं होतं. उद्या सकाळी ते सुटलं की पुढे कित्येक दिवस नुसता समुद्र, फोनही लागायचा नाही.

डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. "आय वोन्ट बीट अराउंड द बुश," म्हणाले, आणि खरोखरच आडवळण न घेता पुढचं बोलले, "वी आर फायटिंग अ लूझिंग बॅटल." हा वाक्प्रचार तिने कितीतरी वर्गांना शिकवला होता. लढायचं, पण हरणार हे ठरलेलंच. मुलाला बोलावून घ्या, एवढं सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

"काय म्हणाला?" सासरे तिच्या तोंडाकडे बघत होते.

शब्दांवर पोट भरणारी बाई, पण त्या डोळ्यांसमोर तिला चार शब्द धड बोलवेनात. शेवटी तिने अर्थ सोडला आणि शब्द धरले, तेही निम्मेच.

"लढाई चालू आहे, म्हणाले."

याला दया म्हणा हवं तर. भित्रेपणाला दयेचे कपडे फार छान बसतात.

म्हातारा खुलला. अर्धा कप चहा मागून घेतला आणि हुकूम सोडला, पोराला कळव, बाप टणक आहे, सावकाश ये. तिने तसंच कळवलं. नवऱ्याने दोनदा विचारलं, "नक्की ना? मला अजून उतरता येईल." ती नक्की म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सने सलाईन काढली आणि खाटेभोवती पडदा ओढला. आता फक्त वेदना थांबवायचं इंजेक्शन, असं हळूच सांगून ती गेली. आयुष्यभर कापडाचा पोत बोटांनी ओळखणाऱ्या माणसाला हे कळायला कितीसा वेळ लागणार?

"काल डॉक्टर काय म्हणाला, ते सगळं सांग."

तिने सगळं सांगितलं. सासरे चादरीची कड चिमटीत धरून बोटाने दाबत राहिले, कच्ची शिवण दाबावी तशी.

"जहाज?"

"सकाळीच सुटलं, बाबा." तिला रडू आवरेना. "माझं चुकलं. माझ्याच्याने तुम्हाला सांगवलं नाही."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"तो आला की विचारेल, बापाने वाट पाहिली का," ते म्हणाले. "त्यालाही असंच मऊ करून सांग. तुला जमतं ते."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.