झील

"बाबा, तो भाता ठेवा बाजूला आणि इथे माइकजवळ या," असं म्हणत मुलीने दुकानातच ठाण मांडलं. ती जगभरचं लोकसंगीत शिकत होती. उद्या वर्गात तिला एक नमुना ऐकवायचा होता.

मिस्त्रींचं अकॉर्डियन दुरुस्तीचं दुकान होतं. भाता गालाजवळ धरून तो कुठे फाटलाय हे ते निसटत्या वाऱ्यावरून अचूक हेरायचे. गाण्याशी मात्र त्यांचा छत्तीसचा आकडा.

"एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी झील धरायची. शेतात, होडीवर, सगळीकडे असतं हे," मुलगी म्हणाली. "तुम्ही आणि आई रोज करायचात तेच."

"ते गाणं होतं होय? अगं, वेळ जावा म्हणून ओरडायचो मी."

दुकानाच्या मागेच स्वयंपाकघर होतं. कामाच्या तंद्रीत मिस्त्री बेसूर हाक द्यायचे आणि आतून बायको त्याच चालीवर, यमक जुळवून टोला हाणायची. हाक ठरलेली, झील रोज नवी. हिवाळ्यात ती गेली आणि तेव्हापासून मिस्त्री तोंडाला कुलूप लावून काम करत होते.

"आईची एखादी तरी झील आठवा ना," मुलगी म्हणाली. "मला एकही आठवत नाही हो. कानात कायम ते हेडफोन कोंबलेले."

मिस्त्रींनी डोक्याला खूप ताण दिला. एक कांद्यावर होती. एक त्यांच्या टकलावर होती, त्यावर शेजारीसुद्धा हसले होते. शब्द मात्र गेले ते गेलेच. रोज फुकट मिळत होतं, तेव्हा जपून कोण ठेवतो? पुरती आठवत होती ती एकच, आणि नेमकी तीच त्यांना आठवायला नको होती. पण पोरगी आईच्या एका ओळीसाठी तोंडाकडे बघत बसली होती. तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

त्यांनी घसा खाकरला.

"काय चाललंय घरधनिणी, काय चाललंय आत?"

सवयीने ते थांबले. मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. मग त्यांनीच, जमेल तसा आवाज बारीक करून, तिची बाजू म्हटली:

"दम लागतोय कारभारी, धरा माझा हात!"

मुलगी खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी या घरात कुणी असं हसत होतं. "काय नाटकी होती ना आई!"

"हो ना," मिस्त्री म्हणाले. "मीपण असाच हसलो होतो."

"कधी?"

"त्या दिवशी. हसलो आणि पुन्हा हाक दिली. झील आली नाही, तेव्हा कुठे उठलो."

मुलीचा हात तोंडावर गेला. रेकॉर्डिंग चालूच होतं, बंद करायचं भान दोघांनाही नव्हतं. मिस्त्रींनी फाटका भाता उचलला, गालाशी धरला आणि हळूहळू दाबत वारा कुठून निसटतोय ते शोधू लागले.