सर्व्हिस होईपर्यंत

कार्बन पेपरचा एक कोपरा आत दुमडला गेला होता, आणि त्याखाली मघाचा आकडा दुसऱ्या प्रतीवर उमटलाच नसणार, हे दयानंदच्या बोटाला आधी कळलं, डोळ्यांना मागाहून. त्यानं कोपरा सरळ केला, नखानं दाबला, आकडा पुन्हा गिरवला. दुसरा कुणी गुणलेखक असता तर असू दे म्हणाला असता. पण मुखेडच्या दयानंद सरांच्या गुणपत्रकात खाडाखोड सापडली तर दाखवा, असं साऱ्या विभागात बोललं जायचं. चोवीस वर्षं बोललं जात होतं आणि चोवीस वर्षं त्याला ते सुखावत आलं होतं. आज सकाळी लातूरच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसलेला असताना मात्र त्याच्या मनात आलं होतं, की ही काय माणसाची ओळख झाली... खाडाखोड न करणारा.

समोर व्हॉलीबॉलचा तिसरा सेट चालला होता, पंधराचा, शेवटचा. रेणापूरच्या मुली अलीकडे, नांदेडच्या पलीकडे. उंच खुर्चीवर विरूपाक्ष स्वामी, मुख्य पंच, शिट्टी ओठांत धरून. आणि दयानंद कडेच्या टेबलाशी, ऑक्टोबरचं ऊन मानेवर घेत. त्याचं काम लांबून पाहणाऱ्याला सोपं वाटतं. गुण मांडायचे आणि सर्व्हिसची पाळी कुणाची, यावर डोळा ठेवायचा. सहा मुलींचा क्रम आधीच लिहून घेतलेला असतो. समोरच्यांची सर्व्हिस मोडून ती आपल्याकडं आली, की सगळ्यांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एकेक जागा सरकायचं, आणि पुढची मुलगी सर्व्हिस करणार. सरकायचं राहिलं आणि भलतीनंच सर्व्हिस केली, तर गुण समोरच्यांचा.

आणि यातच एक कलम आहे. भलती मुलगी चेंडू घेऊन उभी राहिली, ते गुणलेखकाला स्पष्ट दिसलं, तरी त्यानं बोलायचं नाही. तिचा हात चेंडूवर पडेपर्यंत गप्प राहायचं आणि मग घंटा दाबायची. पंचांच्या शिबिरात हे कलम दयानंदच शिकवायचा. कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, दिसून राहिलं तरी?" — "दिसून राहिलं तरी," तो म्हणायचा, आणि असं म्हणताना त्याची छाती नकळत पुढं यायची.

दर जूनमध्ये वर्गात तो खेळाचा इतिहास सांगायचा. सव्वाशे वर्षांहून जास्त झाली, अमेरिकेत एका व्यायामशिक्षकानं हा खेळ काढला, तो तरण्याबांड पोरांसाठी नव्हेच. कामधंद्यानं थकलेल्या, वय उतरणीला लागलेल्या माणसांना बास्केटबॉलची धक्काबुक्की झेपेना, म्हणून त्यानं टेनिसची जाळी डोक्याच्या वर बांधली आणि दोन्ही बाजूंना आपापल्या जागीच ठेवलं. एकदा ही टिपणं तो घरी मोठ्यानं वाचत होता आणि अयोध्या पिठाचे हात घेऊन दारात आली होती. "बरं हाय तुमचं," ती म्हणाली, "मधी जाळी, अन् इकडच्यानं तिकडच्याला शिवायचं न्हाई. तुमच्यासाठीच काढलाय की हो." चिडवत होती. बायकोला जवळ बसवून दोन शब्द बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो हसला होता... आठ महिने झाले अयोध्याला जाऊन, आणि ते हसू आठवलं की अजून त्याला आपल्याच तोंडाचा राग येतो.

गेल्या वर्षी श्रावणात डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. सहा महिने, फार तर. बाहेर बाकड्यावर ती मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, पिशवीत फाइल आणि घरून आणलेले दोन पेरू. "काय म्हनले?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "गोळ्या बदलल्यात." एवढंच. तिनं एक पेरू त्याच्या हातावर ठेवला आणि त्यानं तो खाल्लासुद्धा.

"सर, बारा-चौदा ना?" शेजारी बसलेल्या गुणफलकवाल्या शिक्षकानं विचारलं. दयानंदनं मान हलवली. नांदेडला जिंकायला एक गुण हवा होता. सर्व्हिस त्यांचीच होती. तिकडून चेंडू आला, जड, खाली पडत येणारा, आणि रेणापूरची सात नंबरची मुलगी, महामाया, त्याच्याखाली गेली. काय सुरेख गेली! गुडघ्यात वाकून, दोन्ही हात जोडून, कोपरं ताठ. चेंडू हातानं मारायचा नसतो, त्याच्याखाली आपण जायचं असतं, हे पोरांना समजावताना त्याचा घसा बसतो. हिला कुणी सांगितलंही नसेल. चेंडू लिफ्टरकडं गेला, वर उठला, स्मॅश झाला, पलीकडून ब्लॉक, पुन्हा वर, पुन्हा पलीकडं... जमलेले लोक उभे राहिले. आणि शेवटी चेंडू नांदेडच्या दोन मुलींच्या मधोमध पडला, दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

तेरा-चौदा. रेणापूरच्या पोरी एकमेकींच्या गळ्यातच पडल्या. नाचल्या, रडल्या, बाहेर त्यांच्या मॅडम ओरडत होत्या ते कुणाला ऐकू येईना — आणि त्या गडबडीत सरकायचं राहिलं. महामायानं चेंडू उचलला. मघा सलग चार गुण तिनंच सर्व्हिसवर मिळवले होते, आताही तीच वाचवणार असं सगळ्यांनाच वाटत असावं. दयानंदनं कागदाकडं पाहिलं. पाळी दोन नंबरची होती. दोन नंबरची मुलगी जाळीपाशी उभी राहून महामायासाठी टाळ्या वाजवत होती.

विरूपाक्षची शिट्टी वाजली. शिट्टीनंतर आठ सेकंद मिळतात.

तू नाही गं, पोरी... शब्द जिभेवर आला, तसा त्यानं तो गिळला. हे गिळणं त्याला नवं नव्हतं, सहा महिने घरात त्यानं दुसरं काय केलं होतं? आश्विनात अयोध्या भांडी घासता घासता थांबली होती. तिला धाकटी बहीण आठवली होती, शांतम्मा, देगलूरला दिलेली. आईच्या दोन पाटल्यांवरून दोघींचं बिनसलं होतं आणि नऊ वर्षं बोलणं बंद होतं. "जावं म्हन्ते शांताकडं," अयोध्या म्हणाली होती. "नऊ वर्सं लई झाली. पर आत्ता तब्येत अशी... संक्रांत होऊ द्या, मग जाते. घाई काय हाय?" आणि तिनं त्याच्याकडं पाहिलं होतं. आणि तो, ज्याला दिसत होतं, तो म्हणाला होता, "हाव. घाई काय."

कर्णधारानं टेबलाकडं येऊन विचारलं, तर क्रम सांगता येतो. तेवढी मुभा आहे. एकदा इकडं बघ, विचार... पण अयोध्यानं तरी विचारलं नव्हतं का? पौषात, अंथरुणाला खिळल्यावर, एका दुपारी तिनं सरळच विचारलं होतं, "तुमाला कधी कळलं?" तो म्हणाला, "परवाच." तिनं डोळे मिटले. खरं वाटलं की नाही, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. शांतम्मा आली ती अयोध्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. ओट्यावर बसून राहिली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

महामायानं चेंडू दोनदा जमिनीवर आपटला, वर फेकला, हात फिरवला. तळवा चेंडूवर बसल्याचा आवाज झाला. दयानंदनं घंटा दाबली.

पुढचं भराभर झालं. विरूपाक्ष खुर्चीवरून खाली वाकला, दयानंदनं कागदावर बोट ठेवून दाखवलं, गुण नांदेडला, पंधरा-तेरा, संपलं. नांदेडच्या मुलींना आपण जिंकलो हे कळायलाही वेळ लागला. पत्रक पूर्ण करून, कर्णधारांच्या सह्या घेऊन तो कागद वेगळे करत होता, तेव्हा टेबलापुढं कुणीतरी उभं राहिलं. महामाया. डोळे पुसून पुसून गाल लाल झाले होते, गुडघ्याला माती होती.

"सर, तुमाला आधी दिसलं होतं का?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. दयानंदच्या तोंडाशी 'नाही' तयारच होतं, चांगलं वापरातलं होतं ते. पण त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "हो. दिसलं होतं."

"मी चेंडू घेतला तवाच?"

"तेव्हाच."

"मग सांगायचं की ओ सर."

हे ऐकावं लागू नये म्हणूनच तर तो अयोध्याला 'परवाच' म्हणाला होता. त्यानं घसा साफ केला आणि शिबिरातल्यासारखं समजावायला लागला, की बेटा, तुला सांगितलं असतं तर तो पलीकडच्या मुलींवर अन्याय झाला असता. त्या बी खेळूनच तिथवर आल्या होत्या. मी दोघांचा, म्हणून मला कुणा एकाला सांगता येत नाही.

महामाया ऐकत राहिली. पलीकडं नांदेडच्या मुली फोटोसाठी दाटीनं उभ्या होत्या, तिकडं तिनं पाहिलं. मग मान हलवली.

"हाव, ते बी खरंच हाय," ती म्हणाली. "त्या पोरीबी असतेत की." आणि खरंच पटल्यासारखी, नाक ओढत, आपल्या मैत्रिणींकडं निघून गेली.

पोरीला पटलं. दयानंद खुर्चीवर तसाच बसून राहिला. विरूपाक्षनं चहाला हाक मारली, ती त्याला ऐकू आली, पण उठवेना. अयोध्याच्या वेळी जाळीच्या पलीकडं कोण होतं? कुणावर अन्याय होईल म्हणून आपण सहा महिने गप्प राहिलो? तिला धसका बसू नये म्हणून — हे तो स्वतःला सांगत आला होता, लोकांनाही सांगत आला होता, आणि लोक म्हणायचे, सरांनी सगळं पोटात ठेवलं हो, धन्य आहे. त्या धन्यतेच्या आडोशाला बसून त्यानं आठ महिने दुःख केलं होतं. आता तो पलीकडं बघायला लागला, नीट, पत्रकातलं नाव वाचल्यासारखा... आणि तिथं दुसरं कुणीच नव्हतं. संध्याकाळी शाळेतून आल्यावर घर रोजच्यासारखं हवं होतं, चहा हवा होता, रडणारी बायको नको होती — ते कुणाला? तो स्वतःच होता पलीकडं. त्याच्यासाठीच ती जाता जाता हरली, बहिणीला न भेटताच गेली, आणि देगलूर तर मुखेडपासून दीड तासावर होतं.

"दयानंद, येतोस ना?" विरूपाक्ष जवळ येऊन म्हणाला. "काय झालं रे? पत्रकात काही चुकलं का?"

"नाही," दयानंद म्हणाला. "पत्रक बरोबर आहे."