फुकट मागणाऱ्यांसाठी ठेवलेला नकार

मी एक नकार बोलतोय. दचकू नका, तुम्हाला नाही म्हणायला आलेलो नाही. आजवर लोकांनी माझी मधली ओळ वाचली की तोंडच फिरवलंय, म्हणून म्हटलं, एकदा आपलीही बाजू सांगून टाकावी.

माझी मालकीण फोटोग्राफर आहे. तिच्या कॉम्प्युटरमध्ये मी इस्त्री करून ठेवलेल्या सदऱ्यासारखा तयार असतो. 'तुमचा फोटो फुकट वापरू का?' असं कुणी विचारलं, की ती मला उचलते, वरचं नाव बदलते आणि धाडून देते.

मी नव्हतो तेव्हा ती सगळ्यांना हो म्हणायची. बिचारीला नाही म्हणणं जमायचंच नाही. एका मोठ्या हॉटेलने तिचा नदीतल्या होडीचा फोटो मागितला. पैसे नाहीत, पण खाली नाव देऊ, म्हणाले. ही हरखून गेली. फोटो हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर लागला तेव्हा आईला हौसेने दाखवायला घेऊन गेली. आईने चष्मा पुसून भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "तुझं नाव कुठंय गं?"

नाव कुठेच नव्हतं. आत बसून चहा घ्यायचा बेत होता, पण मायलेकी तशाच घरी परतल्या.

त्याच संध्याकाळी थोरल्या बहिणीने मला जन्म दिला. ताई विमा कंपनीत आहे, दावे नाकारणारी पत्रं लिहून लिहून तिचा हात बसलेला. आधी कौतुकाबद्दल आभार मानायचे, शेवटी शुभेच्छा द्यायच्या, नकार मध्ये बसवायचा आणि 'क्षमस्व' चुकूनही लिहायचं नाही, अशी तिची शिकवण. मालकिणीने हळूच एक 'क्षमस्व' घातलंच. ताईने ते खोडलं. दोघींच्या ओढाताणीतून मी असा घडलो.

मग मी जग पाहिलं. ज्यांना पैसे द्यायचे असतात ती माणसं दोन ओळी लिहितात. फुकट मागणारे पानभर स्तुती करतात. एका कॅलेंडरवाल्याच्या डोळ्यांत तिचे फोटो बघून पाणी आलं होतं म्हणे. मी पोचलो आणि ते लगेच सुकलं. कुणी प्रसिद्धीचं आमिष दाखवायचं. कुणी चिडायचं, एक बटण दाबायचे कसले पैसे? पण काहींनी मला वाचून निमूटपणे दर विचारला, आणि त्यातून मालकिणीने नवी लेन्स घेतली. त्या दिवशी माझी छाती फुगली. मला छाती नाही, तरी फुगली.

सवय मात्र वाईट. हळूहळू ती पत्रं पुरती वाचेनाशी झाली. 'विनामूल्य' हा शब्द दिसला की मी निघालोच.

तसाच मी एका शिंप्यांच्या सुनेकडे गेलो. काही वर्षांपूर्वी मालकिणीने त्या शिंप्यांचा फोटो काढला होता: मशीनवर वाकलेले, ओठांत टाचण्या, आणि तरी हसू आवरत नाहीये. वेबसाइटवर त्या फोटोखाली तिने बजावलं होतं, परवानगीशिवाय वापरू नये. चोरणारे ती ओळ वाचत नाहीत. सुनेने वाचली आणि फोटो विनामूल्य वापरायची रीतसर परवानगी मागितली. शिंपी नुकतेच वारले होते. घरात लावायला त्यांचा धड फोटो नव्हता. होते त्या सगळ्यांत ते शिक्षा झाल्यासारखे ताठ उभे. हे सारं पत्रात खाली लिहिलं होतं. मालकीण तिथवर गेलीच नाही. मी गेलो, कौतुकाबद्दल आभार मानत आणि पुढील उपक्रमासाठी शुभेच्छा देत.

सुनेचं उत्तर आलं. "ठीक आहे, दर कळवा. फोटो काढलात त्या दिवशी बाबांनी तुमच्या बॅगेचा तुटलेला पट्टा शिवून दिला होता आणि पैसे घेतले नव्हते. तो त्यांचा स्वभाव. आमचं आम्ही देऊ."

मालकिणीने धडपडत आधीचं पत्र काढलं आणि आता कुठे ते पूर्ण वाचलं. मग बॅगेच्या पट्ट्यावरच्या शिलाईवरून बोट फिरवत राहिली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिने रडत ताईला फोन केला. ताईजवळ प्रत्येक प्रसंगाला एक पत्र तयार असतं, पण त्या दिवशी ती म्हणाली, "आता लिहू नकोस काही. स्वतः जा."

तिने फोटो मोठा छापून घेतला, काळी लाकडी चौकट करवली आणि गेली. तिच्या फोनमध्ये मी होतोच. दुकानामागेच घर, मशीनवर चादर टाकलेली. माझं चुकलं, न वाचताच नाही म्हटलं, असं तिने दारातच सांगून टाकलं. सून लगेच विरघळली नाही, पण पाण्याचा पेला तिने पुढे केला. सासूबाईंनी फोटो मांडीवर घेतला.

"टाचण्या तोंडात धरू नका म्हणून जन्मभर ओरडत आले मी," त्या म्हणाल्या. "बरं झालं, ऐकलं नाही." आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं.

सुनेने खिळा ठोकला, फोटो लागला. सासूबाई मागे सरून बघत राहिल्या. मग पुढे झाल्या आणि चौकटीचा कोपरा न् कोपरा न्याहाळू लागल्या.

"यावर तुमचं नाव कुठंय?"

सासूबाईंनी मशीनचा खण ओढला, कापडावर खुणा करायचा नवऱ्याचा खडू काढला आणि मालकिणीच्या हातात ठेवला. "खाली लिहा, दिसेल असं." तिने चौकटीच्या काळ्या कडेवर नाव लिहिलं. अक्षर जरा वाकडंच आलं.

मी अजून आहे. मला पुसून टाकलेलं नाही, टाकूही नये. कॅलेंडरवाले अजून लिहितात. पण माझ्यात 'क्षमस्व' परत आलंय आणि ताईनेही ते राहू दिलंय. माझी विनंती एवढीच, की मला खुशाल पाठवा, लोकांचा राग मी अंगावर घेईन, फक्त त्याआधी समोरच्याचं पत्र शेवटपर्यंत वाचा.

परवा सुनेचं पत्र आलं. खडू पुसट होतो, पण सासूबाई धूळ झटकताना ते नाव पुन्हा गिरवतात, एवढंच त्यात होतं. मालकिणीने ते दोनदा वाचलं. त्याला उत्तर द्यायला माझा काही उपयोग नव्हता.